बडोद्याच्या घरातले गोव्याचे हुमण

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला मासळीची आठवण काढावी लागत नाही. ती रोज टोपलीतून दारात येते, तिच्यावरून घासाघीस होते आणि दुपारी ती ताटात पडते. आठवण काढतो तो समुद्रापासून दूर गेलेला माणूस. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींत अशी घरे थोडी नाहीत. श्रीमंत गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी कोणी अलिबाग-रेवदंड्याकडून आले, कोणी रत्नागिरीहून, कोणी मालवणातून. आमचे घराणे आले ते गोव्यातून. पिढ्या गेल्या, बोलण्यात गुजराथी शब्द मिसळले, न्याहारीला शेव-उसळ आली. तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा राहिलाच, आणि त्यात सुकी मासळी राहिली.

माझे आजोबा फोंडे महालातल्या एका देवळात पखवाज वाजवीत असत. तेथून ते बडोद्यास आले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते १९४५ साली वयाच्या सोळाव्या वर्षी दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याला लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, तेव्हा त्यांच्या दरबारी नोकरीला उणीपुरी चार वर्षे झाली होती. तरीही ते अखेरपर्यंत ‘मी दरबारचा माणूस’ असेच म्हणत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. माझ्या वाट्याला दरबार आला तो फक्त त्यांच्या गोष्टींतून. मी गाणे शिकवतो आणि त्यावर घर चालवतो. गाणे अण्णांकडून आले. मासळी मात्र आली आत्याकडून. आत्या ही अण्णांची धाकटी बहीण. अगदी लहान वयात ती आजोबांबरोबर बडोद्यास आली, तरुणपणीच तिला वैधव्य आले आणि ती भावाकडे परत आली. तेव्हापासून चूल तिच्याकडे. आज ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे.

माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही गोव्याला जात असू. बडोद्याहून मुंबई रेल्वेने आणि पुढे रात्रभर एस.टी.ने. परतीच्या वाटेवर सामानाची संख्या दुप्पट झालेली असे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी घरोघर बेगमी करतात. तिला तिकडे ‘पुरुमेंत’ म्हणतात; शब्द मूळचा पोर्तुगीज. खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे, गालमो म्हणजे आपला जवळा, आमसुले, तिरफळे, मिरच्या, फणसाच्या आठळ्या असे सगळे त्यात येते. आत्या आमच्या बडोद्याच्या घराची पुरुमेंत तेथे करीत असे. खारे बांगडे आधी केळीच्या सोपात, मग वर्तमानपत्रात, मग जुन्या धोतराच्या फडक्यात आणि शेवटी डब्यात, असे चार थर ती बांधी. एवढे करूनही सुरत येईपर्यंत डब्यातल्या उतारूंना आमच्या सामानाची जात कळलेली असे.

बडोद्यात आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहत असे. त्या घरातल्या वयस्क बाईंना सारा वाडा ‘बा’ म्हणे. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी आत्या निखाऱ्यावर खारा बांगडा भाजायला घेई. त्याआधी ती आमच्या सगळ्या खिडक्या लावी, दाराच्या फटीला ओले फडके लावी; पण तो वास कोणाच्या बापाला ऐकतो थोडाच! मग बा ओसरीवर येऊन अगरबत्ती लावीत आणि हसून एवढेच म्हणत, ‘‘आजे दरियो आव्यो लागे छे!’’ आज समुद्र आलेला दिसतो! आत्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सोवळ्याने केलेल्या नारळाच्या वड्या पाठवी. बांची नात अण्णांकडे तबला शिकली आणि माझ्याबरोबर गाण्याला बसली. आता नव्या वसाहतीत घर पाहावयास गेले, की आधी आडनाव विचारतात आणि मग ताटात काय असते ते. बांनी कधी विचारले नाही; त्यांना ठाऊकच होते.

पण मला सांगावयाचे आहे ते या वासाबद्दल नव्हे, आत्याच्या नियमांबद्दल. मासळी म्हटली की लोकांना चव आठवते. मला प्रथम आठवतात ते ‘हे याला चालत नाही’ असे आत्याचे शब्द.

आमच्याकडे हुमण करीत ते असे : ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद पाट्यावर गंधासारखी वाटायची, आंबटासाठी आमसुले, फोडणी नाही. मासळी शेवटी सोडायची आणि एकदोन कढांत उतरवायची, चमच्याने ढवळायची नाही, भांडेच धरून फिरवायचे. इतके सर्व हुमणांना सारखे. पुढे प्रत्येक मासळीचे वेगळे. बांगडा आणि तारले या तेलकट मासळ्या. त्यांना तिरफळ पाहिजेच. तिरफळ आधी किंचित ठेचून, आतले काळे बी काढून टाकून नुसती साल घालायची. त्या सालीचा वास आणि जिभेवर येणारी ती बारीकशी झिणझिण तेलकट मासळीचा उग्रपणा मोडते. सुंगटांना मात्र तिरफळ चालत नाही. सुंगटाचे मांस गोडसर. त्याला उन्हाळ्यात कैरी आणि इतर वेळी बिंबले. तिसऱ्यांना पातळ रस नाही. त्यांचे खोबरे घालून सुकेच करायचे. इसवणीच्या तुकड्यांना आमसुलाचे आगळ, मीठ, तिखट लावून रव्यात घोळवून तळायचे. जवळा कोरडा भाजून त्यात ओले खोबरे, कांदा आणि कोळलेली आमसुले कालवली की किसमूर झाली. ती आयत्या वेळी कालवायची, नाहीतर जवळा मऊ पडतो. आदल्या दिवशीचे हुमण मंद आचेवर आटवून सकाळी पेजेबरोबर घेणे हे अण्णांचे परमसुख. रियाज झाल्याशिवाय मात्र ते ताटावर बसत नसत.

गाण्याच्या मास्तरला हे नियम चटकन समजतात. आपल्याकडे राग ओळखला जातो तो त्यातल्या स्वरांनी, तसाच त्यातल्या वर्ज्य स्वरांनीही. भूपाला मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणून तो भूप. शिकाऊ विद्यार्थ्याला वाटते, एखादा जास्तीचा स्वर लावला तर बिघडले कुठे? बिघडत काही नाही, फक्त राग राहत नाही. सुंगटाच्या हुमणात तिरफळ टाकले तर कोणी आजारी पडणार नाही. परंतु आत्या ते ताट बाजूला सारील आणि म्हणेल, ‘‘कोणी केले हे?’’

रागाला जशी वेळ, तसा मासळीला महिना. पावसाळा ओसरून समुद्र शांत झाला की बांगड्यांचे आणि तारल्यांचे दिवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होड्या बाहेर पडायच्या, ही कोळ्यांची जुनी रीत. पावसाळ्याचे दिवस पुष्कळ मासळ्यांच्या विणीचे. आता पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते ती याच कारणाने. त्या दिवसांत गोव्यात खाडीतली मासळी खात, शेवटे, काळुंदरे, खाजणातली सुंगटे. खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घालून मिळवलेली भातजमीन. बांधाला लाकडी दारे असतात, त्यांना ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या पाण्याच्या जोराने ती दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला जाळे लावले की मासळी त्यात येते. ही जाळी लावण्याचा हक्क गावाकडून लिलावाने दिला जाई. एकाच बांधाने भात राखायचे आणि त्याच बांधाच्या दारात मासळी धरायची, अशी ती जुनी व्यवस्था. आमच्या आजोळी मडकई-दुर्भाटकडून येणारी सुंगटे अशीच असत, हे आत्या आजही बारकाईने सांगते. सोमवार देवाचा आणि श्रावण पुरा निषिद्ध. म्हणजे मासळीला महिनाच नव्हे, वारसुद्धा होता.

आता कोणी म्हणेल, हे गोव्याचे झाले. बडोद्याचा समुद्राशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. ओखामंडळ आणि कोडीनार हे किनाऱ्यावरचे भाग बडोदे संस्थानात होते. श्री सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्रातील जीवांची पाहणी करविली. तिचे वृत्तान्त १९०९ आणि १९१६ या साली प्रसिद्ध झाले. ज्या राज्याच्या राजधानीत मासळी खिडक्या लावून भाजली जात होती, त्या राज्याने आपल्या दर्यातल्या शंख-शिंपल्यांचीही मोजदाद ठेवली! आणखी एक गंमत पाहा. काठेवाडच्या किनाऱ्यावरचे जाफराबाद हे बोंबिलांसाठी नावाजलेले बंदर. ते गाव संस्थानी काळात आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या नबाबाच्या ताब्यात होते. तेव्हा बडोद्याच्या बाजारात जाफराबादचा सुका बोंबील आला, तर त्याला परका म्हणण्याचे कारण नव्हते. तोही एका परीने मुरुडचा पाहुणाच. कायस्थ प्रभूंच्या घरी सोडे यायचे ते अलिबागकडून. त्यांचे सोडे घातलेले वालाचे बिरडे आणि आत्याची किसमूर यांची वाटीने देवघेव चालत असे. वाटी रिकामी परत जायची नाही, हा तिसराच नियम.

आमच्या घराची खरी परीक्षा १९५५ साली झाली. मी तेव्हा जन्मलेलो नव्हतो. ही हकीकत आत्याची. त्या वर्षीच्या ऑगस्टात गोव्याच्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली, गोव्याची रेल्वे थांबली. आमचे गोव्याला जाणे-येणे खुंटले. पत्रेसुद्धा मोठ्या वळणाने आणि महिन्यांनी येत. आजीचे माहेर, आजोबांचे देऊळ, सारे हद्दीपलीकडे राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत सहा पावसाळे गेले. पहिल्या वर्षी डब्यात होते ते पुरले. दुसऱ्या वर्षी डबा रिकामा झाला. आमसुले आणि तिरफळे रत्नागिरीच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून मिळू लागली, कारण ही झाडे कोकणात सर्वत्र आहेत. प्रश्न मासळीचा होता.

तेव्हा पावसाळ्यात भरुचकडून पाला येई. पाला ही समुद्रातली मासळी, पण अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात नर्मदेच्या मुखातून गोड्या पाण्यात वर चढते. बंगाली लोक जिला इलिश म्हणून जीव टाकतात, ती हीच. भरुचकडे हिला पालवा, मोदार अशी नावे आहेत, आणि नदीच्या मुखाकडचे भाडभूत हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध. आजीने ही मासळी त्यापूर्वी कधी हाताळलेली नव्हती. अंगभर केसासारखे काटे, आणि चरबी म्हणाल तर हात धुऊनही जाईना. घरातली मंडळी साशंक. आत्या सांगते, आजीने तुकडा बोटांत दाबून पाहिला आणि विचारले, ‘‘हिला तेल आहे ना? मग तिरफळ.’’ इतकेच. त्या दिवशी नर्मदेच्या पाल्याचे गोव्याच्या रीतीने हुमण झाले. गाभोळी वेगळी काढून रव्यात तळली. आजोबा पहिल्या घासाला काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. त्या सहा वर्षांत आमच्या घरी पाल्याला जे स्थान मिळाले ते पुढे गोवा उघडल्यावरही गेले नाही. माझ्या लहानपणी पावसाळ्यात एकदा तरी पाला होत असे, आणि तो गोव्याचा नव्हे हे मला पुष्कळ मोठेपणी कळले.

या हकीकतीत मला जे दिसते ते असे. आजीजवळ पाल्याची कृती नव्हती. तिच्याजवळ नियम होता. कृती एका मासळीपुरती असते. ती मासळी मिळाली नाही की निरुपयोगी. नियम नव्या गावात, नव्या नदीवर, हद्द बंद झाल्यावरही कामास येतो. गवयाच्या मुलाला नुसत्या दहा चिजा पाठ असल्या तर तो दहाच चिजा गातो. रागाचे अंग कळले असेल तर तो अकरावी बांधू शकतो. समुद्र सोडून आलेल्या आमच्या घराण्याने आपल्याबरोबर आणले ते मुख्यतः हे अंग होते.

आणि आज धोक्यात आहे तेही हेच. मासळीची आज टंचाई नाही. निदान शहरात तरी तसे दिसत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता ओख्याहून एर्नाकुलमला जाणाऱ्या गाडीत बडोद्याला बसले, की गाडी न बदलता मडगावला उतरता येते. ज्या प्रवासाला आत्याला चार बोचकी आणि दोन रात्री लागत, तो झोपेत होतो. बर्फातली मासळी बाराही महिने मिळते. परंतु बाराही महिने मिळते म्हणूनच तिचा महिना गेला. पापलेट आणि सुरमई ही दोनच नावे मुलांना ठाऊक, आणि दोन्हींना एकच लाल मसाला. तारले, मुडदुशी, लेप, शेवटे ही नावे काढली तर ती आपल्याकडे पाहतच राहतात. नाव गेले की त्या मासळीला काय चालते आणि काय चालत नाही, हे विचारायचे तरी कशाबद्दल?

तिकडे पाण्यातही बदल होत आहेत. नर्मदेवर मोठे धरण झाले. नदीच्या मुखाशी जाणारे गोडे पाणी कमी झाले तशी पाल्याची वर चढण्याची वाट अवघड झाली. आता भाडभूतजवळच बंधाऱ्याचे काम निघाले आणि तेथील मच्छीमारांनी त्यास हरकत घेतली, ती याच भीतीने. शेतीला आणि शहरांना पाणी हवे हे खरेच आहे. खारे पाणी नदीत वर शिरू नये हेही खरे. पण ज्या मासळीने आमच्या घराला सहा पावसाळे सांभाळले, तिचे काय होणार याची काळजी वाटल्यावाचून राहत नाही. पापलेटचीही तीच गत. लहान पिलेच जाळ्यात उपसली गेल्याने ते घटले, म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा ठरविले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान माप घालून दिले. आपल्या गुजराथनेही २०२३ मध्येच घोळ या माशाला तो मान दिला. गोव्याचा राज्यमासा शेवटो, आत्याच्या पावसाळ्याच्या यादीतला पहिला. तीनही राज्यांनी मासे निवडले, हे ठीकच झाले. मासळीला माप आणि मोसम असावा असे आता कायदा सांगतो. आत्या हे चुलीपाशी बसून सांगत होती.

आत्याचा हात आता थरथरतो. पाटा-वरवंटा तिने पाच वर्षांपूर्वी सोडला, आणि गेल्या वर्षापासून चुलीपाशी उभी राहत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि माझी पत्नी नि मुलगी तिच्या देखरेखीखाली करतात. कोणती वस्तू किती, असे विचारले तर तिला सांगता येत नाही. ‘‘पुरेसे’’ हे तिचे एकच माप. पण ‘यात तिरफळ घालू का?’ असे विचारले तर उत्तर तत्काळ मिळते, आणि त्यामागचे कारणही मिळते. म्हणून आम्ही प्रश्न विचारण्याची रीत बदलली. मुलीने एक वही केली आहे. तिच्यात कृती नाहीत. चार रकाने आहेत : मासळीचे नाव, तिचा महिना, तिचे आंबट, आणि तिला काय वर्ज्य. आतापर्यंत एकतीस मासळ्या झाल्या. त्यांपैकी नऊ मी स्वतः कधी चाखलेल्या नाहीत. पाल्यापुढे मुलीने महिना ‘आषाढ-श्रावण’ लिहिला. त्यावर आत्याने श्रावण खोडायला लावून ‘भाद्रपद, गणपती गेल्यावर’ असे लिहविले.

गेल्या पावसाळ्यात बाजारात पाला दिसला नाही. मुलीने दुसरी एक मासळी आणली, आमच्या घरात पूर्वी कधी न आलेली. नाव विक्रेत्यालाही नीट सांगता येईना. तिने ती धुतली, तुकडा बोटांत दाबला आणि खुर्चीकडे न पाहता तिरफळाच्या बरणीकडे हात नेला. आत्या खुर्चीतून पाहत होती. ती काही बोलली नाही, आणि आमच्या घरात तिचे न बोलणे म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, कोठीवर अशी जुनी घरे अजून आहेत. कोणाकडे सोड्यांचे नियम असतील, कोणाकडे बोंबलांचे. जी घरे मासळी खात नाहीत त्यांच्याकडे अळवाचे, फणसाचे, आंब्याच्या रायत्याचे असतील. घरात जे वडील माणूस असेल त्याच्याजवळ बसावे आणि कृती न विचारता एवढेच विचारावे, की कशाला काय चालत नाही, आणि का. कृती पुस्तकांतून पुष्कळ मिळतात. हे उत्तर मात्र त्या माणसाजवळच आहे, आणि ते देण्यास त्याला बहुधा आनंदच वाटेल.